सातव्या थराची बाटली

झाडे सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर समास सोडवत होतो. शिपाई दारातच थांबला आणि म्हणाला, "गुर्जी, पोस्टात वर्ध्याहून फोन आलता. तुमचे भाऊजी गेले म्हंतेत." वर्ग उठून उभा राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मनात एकच शब्द आला, आणि तो आला म्हणून मी स्वतःच दचकलो... 'सुटलो.' माझ्या सख्ख्या बहिणीचं कुंकू पुसलं गेलं होतं, आणि मी सुटलो म्हणत होतो. त्या शब्दाची लाज मला अजून वाटते. पण स्मृतिलेख लिहायचा तर तिथूनच सुरुवात केली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं ठरेल.

मधुकर झाडे वर्ध्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मूळचे हिंगणघाटचे. माझ्या थोरल्या बहिणीचे, शांताताईचे यजमान. गावाला ते झाडे सर, मला भाऊजी. मी नाचणगावच्या पलीकडे नदीकाठच्या एका खेड्यात मराठीचा मास्तर, आणि घरची बारा एकर शेती बघणारा. स्वभावानं पहिल्यापासून भित्रा. साप, वीज, हेडमास्तर, रेल्वेचा टीसी, सगळ्यांना भिणारा. लग्नात बोहल्यावर माझे पाय कापत होते, त्याची आठवण ताई अजून काढते. भाऊजी मात्र भिणं ठाऊक नसलेला माणूस. कॉलेजातले लोक त्यांची थट्टा करत, की आडनाव झाडे म्हणून बुवा चिखलातसुद्धा झाडंच शोधतो. ती थट्टा खरी होती, ते चिखलात झाडंच शोधत.

हे मला कळायला दोन वर्षं लागली. एकदा ज्वारी कंबरेच्या वर आली होती, आणि ते बांधावर उभे राहून ताटावरून बोट फिरवत होते. बोटाला पांढुरकी भुकटी लागली. "बाळू, हे काय हाय सांग." मी म्हटलं, धूळ असंल. "धूळ नाई बावा, मेण हाय हे. पानाले ऊन नाई लागलं पायजे, पानी नाई उडालं पायजे, म्हून झाड सोताले मेण लावते. पान सडते, लाकूड सडते. हे मेण नाई सडत. तळ्यात पडलं का गाळात बसते, अन् हजारो वर्षं तसंच राह्यते." गवताचं मेण वेगळं आणि झाडांचं वेगळं. त्यातल्या कार्बनच्या साखळ्या लांब-आखूड असतात. गाळ उकळून ते मेण वेगळं काढलं आणि नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रात घातलं की कागदाच्या गुंडाळीवर उंच-बुटक्या रेघा उमटतात, आणि त्या रेघांवरून कळतं की त्या काळी इथे रान होतं की नुसतं माळरान, पाऊस होता की नव्हता. मला हे सगळं ऐकून गंमत वाटण्याऐवजी धाकधूकच वाटली. आपण ज्या जमिनीवर झोपतो तिच्या पोटात कुणी तरी सगळं लिहून ठेवलंय, हा विचार मला बरा वाटेना.

बहात्तरच्या दुष्काळात आमची जुनी विहीर आटली होती. म्हणून दोन-तीन वर्षांनी नदीच्या बाजूच्या वावरात नवी खोदायला घेतली. विहीर खोदणारा गणपत कामात पक्का माणूस. पंचवीस हातांवर तो थांबला आणि वर येऊन मला म्हणाला, "मालक, खाली काळाशार चिखल लागला, अन् त्याले वास येते." भाऊजी दुसऱ्याच दिवशी आले. नदीनं केव्हा तरी पात्र बदललं होतं आणि जुन्या पात्रात तळं साचून राहिलं होतं, त्याचा तो गाळ. आणखी खोदत गेलं तसे भिंतीत एकावर एक पट्टे दिसू लागले, काळे, राखाडी, परत काळे. भाऊजींनी खालपासून वर मोजले. नऊ भरले. उन्हाळाभर दर रविवारी ते पुलगावला रेल्वेतून उतरत, भाड्याची सायकल घेत आणि आमच्या विहिरीत उतरत. मी काठावर उभा राहून मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारत असे.

त्यांची शिस्त मात्र घरातल्या सोवळ्याहून कडक. गाळाला हात लावायचा नाही, अंगाचा तेलकटपणा त्याला लागतो. सुरी स्पिरिटानं धुतलेली. प्लास्टिकची पिशवी वर्ज्य, कारण तिच्यातलंही काहीबाही गाळात उतरतं. काचेच्या बाटल्या, काचेचंच बूच. गोळा ठेवायचा तो भट्टीत भाजून आणलेल्या चंदेरी कागदावर. केसांना तेल लावून आलेल्या माणसाला ते दहा हात लांब उभा करत. आणि त्यांचा तो प्रश्न, जो पुढे माझ्या जिवाला लागला... "हात धुतले कारे?" पहिल्या दिवशी मी ऐटीत म्हटलं, धुतले न भाऊजी, साबणानं. त्यांनी कपाळाला हात लावला. "साबन म्हंजे चरबीच न बाप्पा! राखेनं धू." तेव्हापासून विहिरीच्या काठावर राखेचं एक टोपलं आणि पाण्याची बादली कायम असे. गणपत हसायचा, की सर आले की आमचे हात भांडी होतात.

उन्हाळ्यात त्यांनी आठ थर नेले. सातवा जेमतेम चार बोटं जाडीचा, म्हणून सोडून दिला होता. श्रावणात नागपूरहून कागद आले आणि ते सैरभैर होऊन गावी आले. सहाव्या थरापर्यंत झाडंच झाडं, दाट रान. आठव्यापासून नुसतं गवत. मधल्या चार बोटांत सगळं रान गेलं होतं. "हळूहळू गेलं का एकदम गेलं, हे त्या सातव्यातच हाय. हळूहळू गेलं असंल तर मानसाले सावराले वेळ भेटते. एकदम गेलं असंल त..." ते थांबले. मग म्हणाले, "बहात्तर साल काईच नाई बाळू." बहात्तर साली मी गुरांना पळसाचा पाला घातला होता, आणि हा माणूस म्हणत होता, ते काहीच नाही.

आता पावसाळ्यात विहिरीत उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. भिंती बांधलेल्या नव्हत्या, खाली पाणी चढत होतं. पण अमावास्येच्या आधी पाच-सहा दिवसांची उघाड मिळाली, कॉलेजला पोळ्याची सुट्टी लागली, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊजी हजर. ताईनं वर्ध्याहून निघताना हात जोडले होते, मी इथे जोडले. त्यांनी दोघांचंही ऐकलं नाही. इंजिन लावून पाणी उपसलं. दोराला फळी बांधली, फळीवर बसून ते खाली गेले. दोर गणपतच्या आणि त्याच्या भावाच्या हातात. माझं काम एवढंच, की दुसऱ्या दोरानं ताटली वर आली की कागदासकट गोळा चिमट्यानं उचलायचा, बाटलीत टाकायचा, बूच लावायचं. मी राखेनं हात धुतले, दोनदा धुतले.

पण पोळ्याचा आदला दिवस होता. आमच्याकडे त्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून सुजलेल्या खांद्यांना तूप आणि हळद चोळायची, आणि मग बैलाच्या कानाशी जाऊन सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझे दोन्ही बैल विहिरीपासून वीस पावलांवर निंबाखाली बांधलेले. खाली भाऊजींना वेळ लागत होता. पाऊण तास झाला. ऊन उतरायला लागलं, आवतण उन्हं असताना द्यायचं असा आमच्या बापाचा कटाक्ष. मला वाटलं, तोवर एका बैलाचे तरी खांदे मळून घेऊ, पुन्हा राखेनं हात धुऊ, त्यात काय एवढं... तूप ऊन होतं, हळद ओली. मी दुसऱ्या खांद्यावर आलो असेन, तेवढ्यात गणपत ओरडला, "मालक, माती झडून राह्यली!"

मी धावलो. काठाची माती बारीक बारीक सुटून खाली पडत होती. खालून भाऊजींचा आवाज आला, "ताटली घे आधी!" मी ताटली ओढली. ती वाकडीतिकडी वर आली, कागद सरकला, आणि काळा गोळा ताटलीवरून घसरून परत विहिरीत जायला निघाला. मी तो दोन्ही हातांनी झेलला. घट्ट पकडला. क्षणभर माझी पिवळी बोटं त्या काळ्या चिखलात रुतलेली मला दिसली. मग मी तो बाटलीत कोंबला, बूच दाबलं, आणि गणपतच्या दोराला हात लावला. भाऊजी वर आले. चष्मा चिखलानं भरलेला. धापा टाकत पहिला प्रश्न त्यांनी तोच विचारला, "हात धुतले होते कारे?"

"हो," मी म्हणालो. आणि हात पाठीमागे घेतले.

त्यानंतर अर्ध्या तासानं विहीर ढासळली. आधी कुणी तरी जड पोतं टाकल्यासारखा आवाज झाला आणि मग बराच वेळ माती घसरतच राहिली. इंजिन आत गेलं, फळी आत गेली. मला काय वाटलं असेल? भाऊजी वाचले याचा आनंद वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्याच पाठोपाठ दुसरी गोष्ट ध्यानात आली. सातवा थर आता पृथ्वीच्या पाठीवर फक्त त्या एका बाटलीत होता, आणि त्या बाटलीत माझ्या बैलांचं तूप होतं. त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण भाऊजी ती बाटली छातीशी धरून, मातीनं माखलेल्या तोंडानं हसत होते. मला ते हसू मोडवेना... नाही, हेही खरं नाही. मला भीती वाटली. उद्या सांगू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी पोळा होता, तिसऱ्या दिवशी ते वर्ध्याला परत गेले.

दसऱ्याच्या सुमाराला ते आले ते नाचतच. त्या गोळ्यातला थोडा भाग त्यांनी नागपूरला पाठवला होता. सोबत आणलेली गुंडाळी त्यांनी ओसरीवर पसरली. "हे पाह्य बाळू. मेण हाय, पन त्याच्यासंग हे पाह्य, ही चरबी. जनावराची. दुधाची म्हन न!" आणि मग त्यांनी मला चित्रच उभं करून दाखवलं. पाऊस संपलाय, रान वाळलंय, तळं आटत आलंय, आणि दाही दिशांनी गुरांचे कळप शेवटच्या पाण्याकडे आलेत, तिथेच व्यायलेत, तिथेच मेलेत. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले होते. ते कळप माझ्या डोळ्यांपुढेही आले. फक्त मला ठाऊक होतं की त्यांची नावं पवळ्या आणि ढवळ्या, आणि ते दोघे आता मागच्या गोठ्यात रवंथ करतायत. त्यांच्यासोबत आलेली ताई आतून पोहे घेऊन आली. मी पोहे खाल्ले. त्या पोह्यांना काही चव होती की नव्हती, आठवत नाही.

तिथून माझ्या आयुष्यातला तो वाईट काळ सुरू झाला. भाऊजींचं पोस्टकार्ड आलं की मी ते दिवसभर सदऱ्याच्या खिशात ठेवून फिरे, वाचत नसे. ते हे सगळं आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात लिहिणार, चार जाणत्या लोकांपुढे मांडणार, आणि त्यांतला एखादा शहाणा विचारणार, की हे तूप कुठलं हो? की मग कुणीच विचारणार नाही आणि ते खोटं पुस्तकात जाऊन बसणार, पोरं ते पाठ करणार? कुठली गोष्ट जास्त वाईट, हे मला ठरवता येईना. हळदीचा डाग दिसला तरी मी तिथून उठून जाई. एकदा बायको म्हणाली, तुमाले झालं तरी काय, जेवताना वरणाकडे काऊन पाहून राह्यले? तिलासुद्धा मी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर भाऊजी आले ते गप्प. कळपांचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. जेवायला बसण्याआधी मात्र माझ्याकडे पाहून म्हणाले, "हात धुतले कारे?" मी हसलो. ते हसले नाहीत. दोन वर्षांनी त्यांचा प्रबंध बांधून आला, एक प्रत मला दिली. मी घाईघाईनं पानं उलटली. सहावा थर होता, आठवा होता. सातव्यापुढे एकच ओळ होती: नमुना उपलब्ध नाही. रान हळूहळू गेलं की एकदम, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, वरच्यांपैकी कुणी तरी काढायला लावलं असेल. वाचलो. पण तसं वाचल्यानं भीती गेली नाही, ती फक्त जागा बदलून बसली. कारण भाऊजी दर भेटीला तो प्रश्न विचारतच राहिले. चहाच्या आधी, प्रसादाच्या आधी, माझ्या मुलाला पहिल्यांदा उचलून घेताना. घरात सगळे हसायचे, सरांना वेडच लागलंय हात धुण्याचं. मीसुद्धा हसायचो, आणि माझी बोटं आपोआप मुठीत जायची.

एकदा मी अगदी सांगायच्या बेतात आलो होतो. वर्ध्याच्या एसटी स्टँडवर ते मला सोडायला आले होते. बस यायला उशीर होता. बाकावर आम्ही दोघेच. मी म्हटलं, "भाऊजी, एक सांगाचं होतं." त्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं, चष्मा काढला आणि पूर्ण माझ्याकडे वळले. इतकं लक्ष देऊन माझ्याकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं. "बोल न," ते म्हणाले, आणि फार हळू आवाजात म्हणाले. माझ्या तोंडून निघालं, "यंदा पोळ्याले या." त्यांनी मांडीवरचं वर्तमानपत्र उचललं. मग चष्मा लावला. "येतो न," म्हणाले, "तू आवतन देजो."

शेवटची भेट दवाखान्यातली. हृदयाचा त्रास दोन वर्षं चालूच होता. मी स्टुलावर बसलो तेव्हा ताई खाली औषध आणायला गेली होती. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि उलटा करून तळवा पाहत राहिले. मला वाटलं, हात धुतले का विचारतील. त्यांनी विचारलं नाही. "काई सांगाचं हाय का?" एवढंच म्हणाले. खिडकीबाहेर रिक्षावाले भांडत होते, तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी म्हणालो, "नाई भाऊजी. तुमी आराम करा." त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. चौथ्या दिवशी ते गेले.

तेरवी झाल्यावर ताईनं मला त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत बोलावलं. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लागून बाटल्यांचं फडताळ. बहुतेक बाटल्या कॉलेजनं नेल्या होत्या. एक उरली होती. "हे काय हाय मले मालूम नाई," ताई म्हणाली, "पन त्याईनं कोनाले हात नाई लावू देल्ला याले. म्या एकदा फेकतो म्हनलं, त म्हने राहू दे, याचा मालक येईन." बाटली तिनं माझ्यापुढे धरली. काचेतून दिसत होता तो अर्धा गोळा, वाळून राखाडी झालेला. त्याच्या अंगावर चार बोटांचे चार खड्डे, खोल, एकमेकांना लागून. बुचाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी होती. भाऊजींचं बारीक, तिरकं अक्षर.

'थर सातवा. पोटॅश घालताच कुंकवासारखा लाल. हळद आहे. सोबत तूप. बोटं बाळूची. विचारायचं नाही. तो सांगेल.'

पोटॅश म्हणजे साबणासारखाच क्षार. धोतरावरचा हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, हे माझ्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. मला कसं सुचलं नाही? भाऊजींना त्या दिवाळीलाच सगळं कळलं होतं. आणि मी ज्याला इतकी वर्षं भ्यायलो, त्या प्रश्नात दटावणी नव्हतीच. ते दार उघडून उभे होते, दर वेळी... आणि मी दर वेळी बाहेरूनच परत जात होतो. मी खुर्चीत बसलो आणि ताईला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "एवढंच होतं? अन् त्या मानसाले दवाखान्यात जीव जाईपरेंत वाट पाहाले लावली तुनं?" आणि बाटली माझ्या हातात ठेवून ती आत गेली. आणखी बोलली असती तर बरं झालं असतं.

बाटली आता माझ्याकडे आहे, वह्यांच्या कपाटात, वरच्या खणात. परवा पोळ्याचा आदला दिवस झाला. पवळ्या-ढवळ्या केव्हाच गेले, आता दुसरी जोडी आहे. मी तूप ऊन केलं, हळद कालवली, दोघांचे खांदे मळले, कानाशी जाऊन आवतण दिलं. मग तसाच, पिवळ्या हातांनी, घरात आलो आणि कपाट उघडलं. बाटली दोन्ही हातांत धरली. काचेवर माझी बोटं उमटली. "भाऊजी," मी मोठ्यानं म्हणालो, "हात धुतले नव्हते. मी खोटं बोललो." स्वयंपाकघरातून बायको डोकावली आणि मागे झाली. हात धुतले कारे, असं कुणी विचारलं नाही.